छत कोणाच्या नावावर? संभाजीनगरची घरे, घरपट्टी आणि सौर अनुदान

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजने’ला मान्यता दिली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, उद्दिष्ट एक कोटी घरांचे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये. म्हणजे एका घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान. पात्रतेच्या अटी मोजक्याच आहेत. त्यांतली एक अशी, की कुटुंबाकडे स्वतःच्या मालकीचे घर असावे आणि त्याचे छत सौर पॅनेलसाठी योग्य असावे. ही अट वाचताना कोणी थबकत नाही. छत्रपती संभाजीनगरात मात्र कोणाला छत मिळाले, कधी मिळाले आणि कोणत्या कागदावर मिळाले, हा निदान तीन पिढ्यांचा इतिहास आहे. हा धागा त्याचाच.

सुरुवात जुन्या शहरापासून. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे राजधानी वसवली. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराचे नाव औरंगाबाद झाले. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. या शहराच्या जुन्या वस्तीतील घरांची छपरे मराठवाड्याच्या रीतीप्रमाणे माळवदाची असत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात माळवदावर पापड-कुरडया वाळत आणि रात्री घर झोपायला वर येई. पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करणे हे घरातल्या सर्वांचे काम होते. माळवद कुटुंबाचे होते, पण त्याला वेगळी किंमत नव्हती. छतावरची मोकळी जागा विकत घेता येते, भाड्याने देता येते किंवा तिच्यावर अनुदान मिळवता येते, ही कल्पना फार अलीकडची.

घरावरचा कर मात्र जुना आहे. पेशवाईतल्या करांच्या यादीत घरपट्टी होती आणि तिच्यातून ब्राह्मणांना व गावच्या वतनदारांना सूट असे. कर कोणाला लागत नाही हे पाहिले की सत्ता कोणाकडे होती ते लगेच कळते. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. घरात येणाऱ्या उजेडावर दीड शतक कर घेणाऱ्या त्याच राज्यव्यवस्थेने १८१० मध्ये बनारसमध्ये घरपट्टी आणली, तेव्हा शहराने व्यवहार बंद केले आणि हजारो लोक घरे सोडून मैदानात येऊन बसले. त्यांचा एक मुद्दा आजही विचारात घेण्यासारखा आहे: जे घर राहण्यासाठी आहे, ज्यातून दमडीचे उत्पन्न नाही, त्यावर कर कसा? कंपनी सरकारने १८१२ च्या प्रारंभी तो कर मागे घेतला.

प्रश्न मात्र मिटला नाही. कायद्याने त्याचे एक काल्पनिक उत्तर शोधले. घर भाड्याने दिले असते तर वर्षाला किती भाडे आले असते, हे धरायचे. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे. उरेल ते करयोग्य मूल्य आणि त्यावर ठरावीक टक्के कर. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब हाच.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यामुळे येथे भाड्याचा कायदा मुंबईहून वेगळा होता. १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा महाराष्ट्र स्थापन झाल्यानंतरही या भागात कित्येक दशके लागू राहिला. अखेर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ३१ मार्च २००० पासून त्याची जागा घेतली. त्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

भाडे बांधले गेले की करही बांधला जातो. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलतराय कपूर खटल्यात स्पष्ट केले, की भाडे नियंत्रण कायद्यानुसार जे प्रमाण भाडे ठरेल त्याच्या पलीकडे जाऊन करासाठी घराचे मूल्य धरता येणार नाही. खटला दिल्लीचा होता, पण तत्त्व देशभरातल्या नगरपालिकांना लागले. ते भाडेकरूंच्या रक्षणासाठी योग्यच होते. त्याचा दुसरा परिणाम मात्र हळूहळू दिसू लागला. समजा, एका जुन्या घराचे मासिक भाडे १०० रुपये मानले गेले. त्याचे करयोग्य मूल्य १,०८० रुपये झाले. शेजारीच नवी इमारत उभी राहिली आणि तिच्यातल्या सदनिकेचे भाडे ८,००० रुपये धरले गेले. तिचे मूल्य ८६,४०० रुपये. रस्ता, गटार, दिवाबत्ती दोघांना एकच, कराचा आधार ऐंशी पट. जुने घर आजोबांचे असते, नवी सदनिका नातवाने कर्ज काढून घेतलेली असते. कायद्यात कोठेही ‘पिढी’ हा शब्द नाही, तरी कर पिढीनुसार वाटला गेला.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा बदलून महापालिकांना भांडवली मूल्यावर कर लावण्याची वाट मोकळी केली. मुंबईने ती धरली. इतरत्र फेरमूल्यांकनाचे नाव निघाले की नगरसेवकांच्या पोटात गोळा येतो, आणि त्यात नवल नाही. ज्यांचा कर वाढणार ते मतदार आज शहरात असतात. ज्यांचा भार हलका होणार ते अजून घर शोधत फिरत असतात. शिवाय जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिकांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता करच.

आता घरे कशी मिळाली ते पाहू. १९७१ मध्ये शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. १९५८ मध्ये विद्यापीठ आले, त्यानंतरच्या दशकांत औद्योगिक वसाहती आल्या, १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. १९९१ मध्ये लोकसंख्या पावणेसहा लाखांजवळ गेली. २०११ च्या जनगणनेत ती ११,७५,११६ होती. चाळीस वर्षांत सातपटीहून अधिक माणसे आली आणि त्या सर्वांना डोक्यावर छप्पर हवे होते.

पहिल्या लाटेला शासन भेटले. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे १९७२ मध्ये, म्हणजे मराठवाड्याच्या भीषण दुष्काळाच्या वर्षी, नव्या औरंगाबादचे काम सोपवण्यात आले. मुकुंदवाडी परिसरातल्या शेतजमिनी संपादित झाल्या आणि ‘एन’ अक्षराने सुरू होणारी सेक्टरे आखली गेली. पुढच्या दशकांत वीस हजारांहून अधिक घरे उभी राहिली. हडकोच्या कर्जातून झालेल्या भागाला लोक आजही ‘हडको’च म्हणतात, जणू ते एखाद्या गावाचेच नाव आहे. कारखान्यातला कामगार, शिक्षक, कारकून अशा माणसांना हप्त्यांवर ही घरे मिळाली. घर लहान, पण जमिनीवर उभे; चार भिंती आपल्या आणि वरचा स्लॅबही आपला. मुले मोठी झाली तसे मजले चढत गेले. जमीन मात्र भाडेपट्ट्याने होती आणि ती पूर्ण मालकीची व्हावी ही ‘फ्री होल्ड’ची मागणी या वसाहतींच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजत राहिली. २००६ मध्ये सिडकोचा भाग महापालिकेकडे हस्तांतरित झाला.

दुसऱ्या लाटेला शासन भेटले नाही. तिला गुंठेवारी भेटली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्याला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होता, म्हणून व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर, लोकांच्या भाषेत ‘बॉण्डवर’, होऊ लागले. वीस बाय तीसचा प्लॉट हे या शहराच्या श्रमिकांचे खरे माप. नारेगाव, मिसारवाडी, पुंडलिकनगर अशा शंभराहून अधिक वसाहती याच रीतीने वाढल्या. त्यांना ‘बेकायदा’ म्हणणे सोपे आहे. पण जो माणूस सिडकोच्या सोडतीत बसला नाही आणि ज्याला बँकेने दारात उभे केले नाही, त्याच्यासाठी हाच गृहनिर्माणाचा कार्यक्रम होता. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. दरम्यान महापालिकेच्या कायद्यात अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याचे कलमही आले. गंमत अशी, की ही शास्ती भरली तरी घर वैध ठरत नाही. म्हणजे ज्याची मालकी सर्वांत कच्ची, त्याच्याच डोक्यावर सर्वांत जड कर.

तिसरी पिढी सदनिकेत आली, किंवा भाड्याच्या खोलीत. सदनिकेचे छत एकाचे नसते. ते सोसायटीचे असते. वर टाक्या, मोबाइलचे टॉवर आणि वर्षानुवर्षे चालणारे गच्चीचे वाद. जिथे बिल्डरने सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करून दिलेले नाही, तिथे जमीन अजूनही जुन्याच नावावर असते.

आता पुन्हा अनुदानाकडे. एक किलोवॅट सौर संचाला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि त्यातून दिवसाला चारएक युनिट वीज मिळते. तीन किलोवॅटला तीनशे चौरस फूट. सिडकोच्या जुन्या घराच्या स्लॅबवर हे बसते. गुंठेवारीतल्या सहाशे चौरस फुटांच्या घरावरही बसेल, शेजाऱ्याने दोन मजले चढवून सावली पाडली नसेल तर. जुन्या शहरातल्या माळवदाला हा भार पेलवत नाही. आणि वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर अकरा वारसांची नावे असली, तर वीजमीटर कोणाच्या नावावर करायचा इथूनच अडते.

महावितरणच्या दरपत्रकात शंभर युनिटांच्या वर गेले की युनिटचा दर दुपटीहून अधिक होतो. म्हणून सौर संचाचा खरा नफा जास्त वीज वापरणाऱ्याला होतो. ज्याच्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, त्याचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. दोन पंखे आणि एका दूरचित्रवाणी संचावर भागणाऱ्या घराला तेवढी घाई नसते. अनुदानाची रक्कम मात्र छताकडे पाहून ठरते, गरजेकडे पाहून नव्हे. करसवलतींचा कलही असाच आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक उपक्रम असेल तर मालमत्ता करात पाच टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर दहा टक्के सूट देते. हेतू चांगलाच आहे, पण सूट घेण्यासाठी आधी मालमत्ता लागते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये मालमत्ता कर माफ झाला. संभाजीनगरातल्या तेवढ्याच आकाराच्या घराला तो लागतो.

ही उणीव शासनाच्या ध्यानात आली नाही असे नाही. राज्याची ‘स्मार्ट’ योजना शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी २०२५ मध्ये आली. सुमारे पन्नास हजारांच्या एक किलोवॅट संचासाठी केंद्राचे ३०,००० आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याचे आणखी १७,५०० रुपये. घराला भरावे लागतात २,५००. केंद्राच्या योजनेतही गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत, म्हणजे गच्चीचे पॅनेल लिफ्ट आणि पाण्याची मोटर चालवू शकते.

भाडेकरू मात्र या सर्व आकड्यांच्या बाहेर आहे. मुकुंदवाडीत किंवा वाळूजजवळ कारखान्यात काम करणारी मुले खोल्या करून राहतात. त्यांतल्या अनेक खोल्यांना महावितरणचा मीटर नसतो, मालकाने बसवलेला सबमीटर असतो, आणि युनिटचा दर मालक सांगेल तो. अशा घराच्या स्लॅबवर अनुदानाचे पॅनेल बसले, तर वीजबिल मालकाचे कमी होते. खालच्या खोलीतला सबमीटर पूर्वीच्याच दराने फिरत राहतो.