मूळ वर, फांद्या खाली

आमचा भाचा गेले तीन महिने गूगलच्या मुलाखतीची तयारी करतोय. तयारी म्हणजे काय, तर पांढऱ्या फळ्यावर झाडं काढायची. मूळ वर, फांद्या खाली! मग डाव्या फांद्या उजवीकडे न्यायच्या नि उजव्या डावीकडे. ताईला त्यात गीतेतला अश्वत्थ दिसला. मी पडलो कॉमर्सचा. मला बाजू चुकलेला ताळेबंद दिसला.

म्हटलं, नोकरीसाठी कोडी घालण्याचं हे खूळ काढलं कुणी? शोधता शोधता थेट एडिसनपर्यंत पोचलो. या गृहस्थांनी अमेरिकेत विजेच्या दिव्यांखेरीज हेही दिवे लावले होते! १९२१ साली त्यांची दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी गाजत होती. फ्रान्सला लागून कोणते देश, हा त्यातलाच एक. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना यादीतला आवाजाच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला. ते म्हणाले, पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही. झाले नापास!

पुढं मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतला प्रश्न गाजला: रस्त्यातल्या गटाराचं झाकण गोल का? गोल झाकण कसंही फिरवलं तरी आत पडत नाही, म्हणून. आमच्या गल्लीत हा प्रश्नच येत नाही, झाकणंच नाहीत. २००४ मध्ये गूगलनं कॅलिफोर्नियात हमरस्त्यावर निनावी फलक लावला: 'ई' या गणिती संख्येत सलग सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या शोधा. सोडवणाऱ्याला पुढचं कोडं, आणि शेवटी अर्जाचं आमंत्रण. अन् २०१३ मध्ये त्याच कंपनीचे मनुष्यबळ-प्रमुख लास्लो बॉक सांगून मोकळे झाले, की असली कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, एवढंच!

"बघ!" मी भाच्याला म्हटलं.

"मामा, आता कोडी नसतात. प्रोग्रॅम लिहायचा असतो. आणि लिहिताना डोक्यातला विचार मोठ्यानं बोलून दाखवायचा."

आमच्या बँकेत मोठ्यानं विचार करणाऱ्याची बदली होते. पण मी गप्प बसलो. गेल्या वर्षी पहिली नोकरी गेल्यापासून हा पोरगा घरात चकार शब्द बोलत नव्हता. ताई दाराआडून डोळे पुसायची. आता तो रोज रात्री अकरापर्यंत माझ्यासमोर उभा राहून घडाघडा बोलतो. ताई चहा ठेवते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावतो, नि मधेच विचारतो, "असं का?"

तो थांबतो, डोकं खाजवतो आणि स्वतःची चूक स्वतःच काढतो. मुलाखत घेणं इतकं सोपं असतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं!