दूधसागर आणि मिठाचा तह

मंडळी, दूधसागर पाहायचा असेल तर पावसाळ्यात लोंढ्याहून गोव्याकडे उतरणाऱ्या गाडीत बसावे. घाटमाथ्यावर कॅसलरॉक हे लहानसे गाव लागते. तिथून खाली गोव्यातल्या कुळे गावापर्यंत सुमारे २६ किलोमीटरचा घाट आहे. उतार असा, की ३७ हात पुढे गेले की गाडी एक हात खाली आलेली असते. पायी चालणाराला याचे काही वाटायचे नाही. पण आगगाडीच्या हिशेबाने हा उतार फार कठीण. म्हणून गाडी इथे जपून, कुरकुरत उतरते.

मग एका वळणावर डब्यातली माणसे एकदम खिडक्यांकडे धावतात. समोर डोंगराच्या माथ्यापासून चार टप्प्यांनी पाणी कोसळत असते. एकूण उंची सुमारे ३१० मीटर. आणि रेल्वेचा पूल त्या पाण्याच्या मधूनच आडवा गेलेला! तुषार थेट आपल्या अंगावर येतात. स्नान करणाऱ्या एका राजकन्येने लाज राखण्यासाठी दुधाचा घट ओतला आणि त्याचाच हा धबधबा झाला, अशी गोष्ट लोक सांगतात. गोष्ट गोड आहे. पण मला तिच्यापेक्षा त्या पुलाची गोष्ट मोठी वाटते.

ही गाडी इथे आली कशी? २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक तह झाला. मुरगाव बंदरापासून इंग्रजी मुलखापर्यंत लोहमार्ग व्हावा, हे त्यातले एक कलम. एका इंग्रज कंपनीने काम हाती घेतले आणि १८८८ मध्ये घाटाचा रस्ता पुरा होऊन गाड्या वर-खाली जाऊ लागल्या.

आता त्याच तहाचे दुसरे कलम पाहा. गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. गोव्याचे स्वस्त मीठ घाट चढून आले की तो बुडायचा. त्याचा बंदोबस्त असा झाला. गोव्यातल्या खाडीकाठच्या आगरांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारा माणूस आपल्याच आगरात परक्याच्या पहाऱ्याखाली आला. कित्येक आगरे बंद पडली. ज्याच्या दारात मीठ पिकते, त्याने कर भरून ते विकत घ्यायचे, हा कुठला न्याय? माडावरच्या कराने माडी काढणारेही असेच भरडले गेले. तह जानेवारी १८९२ मध्ये संपला, पुढे तो चालू ठेवला गेला नाही. रूळ मात्र राहिले.

गुरुजनहो, वर्गात मिठाच्या सत्याग्रहाचा धडा घ्याल, तेव्हा दांडीच्या ५० वर्षे आधीची ही हकीगतही मुलांना जरूर सांगा.

पुढे १९५५ च्या गोवा सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली आणि या घाटातली वाहतूकही थांबली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६९ साली मोले परिसराचे रान राखीव झाले. तेच आजचे भगवान महावीर अभयारण्य, सुमारे २४० चौरस किलोमीटरचे. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला.

तरी रुळांचा प्रश्न सुटला नव्हता. या घाटात दुसरा लोहमार्ग टाकायचे ठरले, तेव्हा २०२० मध्ये गोव्यातली तरुण मंडळी, शास्त्रज्ञ, चित्रकार 'मोले वाचवा' म्हणून उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या समितीने २०२१ मध्ये सांगितले, की या कठीण चढावर दुसऱ्या रुळाने वाहतूक थोडीशीच वाढेल, रानाची हानी मात्र मोठी होईल. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुहेरीकरणाची परवानगी रद्द केली. ज्या पुलावरून आपण धबधबा पाहतो, त्याच्याच जोडीला दुसरा नको, असे म्हणणे सोपे नव्हते. घाटाखालच्या गावांना गाडी हवीच असते.

२०१३ साली 'चेन्नई एक्सप्रेस' चित्रपटात हा धबधबा दिसला आणि पाहणाऱ्यांची रीघ वाढली. रुळांवरून चालत जाणारे इतके झाले, की २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वेला विनवावे लागले: बाबांनो, डब्यातूनच पाहा. ते ऐकावे. बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा कुठली? पाऊस ओसरल्यावर कुळ्याहून परवान्याच्या जीपगाड्या रानातून, ओढे ओलांडत, धबधब्याच्या पायथ्याशी नेतात.

तिथे उभे राहाल तेव्हा पाणी पुढे कुठे जाते, तेही ध्यानात घ्या. कुळ्यावरून ही नदी खांडेपारला जाते आणि मग मांडवीला मिळते. वाटेत ओपा येथे तिचे पाणी उचलून शुद्ध करतात, आणि फोंड्या-पणजीकडच्या घरांत सकाळी नळ सोडला की दूधसागराचेच पाणी भांड्यात पडते.