तुमचे पहिले हजार दिवस

साल 1996, एप्रिल. गडचिरोली जिल्ह्यातलं एक गाव. उजाडायच्या आत तुमची आई टोपली घेऊन मोहफुलं वेचायला निघाली आहे आणि तुम्ही तिच्या पोटात आहात. तिला अजून काही ठाऊक नाही. तुम्ही म्हणजे एकच पेशी, जेमतेम एक दशांश मिलिमीटरची. एकीच्या दोन, दोनांच्या चार असं वाढत तुम्ही गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे सरकताय. तिथं पोचून अस्तरात रुजायला आठवडाभर जाईल.

तुम्हाला मुद्दाम याच काळात आणि याच जिल्ह्यात आणलंय. इथल्या 39 गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था एक प्रयोग करते आहे. गावातच राहणारी, थोडंफार शिकलेली बाई नवजात बाळाला घरच्या घरी वाचवू शकेल का, हा त्यातला प्रश्न. तुमचं गाव त्या 39 पैकी एक आहे असं धरू. या प्रश्नाशी तुमची गाठ जानेवारीत पडेल. तोवर बरंच काही व्हायचंय.

मे महिना. आई तेंदूपत्ता तोडते, घरी येऊन पुडे बांधत बसते. पाळी चुकल्याचं तिच्या ध्यानात येतंय न येतंय, तोवर तुमच्या पाठीवरची पेशींची एक पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली गेली आहे. कडा एकमेकींना भेटतात आणि त्यांची नळी होते. तिच्या वरच्या टोकाचा मेंदू होणार, उरलेल्याचा मज्जारज्जू. गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत ही नळी बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली तर पुढे कुठलंच औषध ती मिटवू शकत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची ती याचसाठी. गोळी ‘पोट दिसायला लागल्यावर’ सुरू करणारी घरं मी आजही पाहतो. तोवर हे काम कधीच उरकलेलं असतं.

नळी मिटायच्या आधीच, बाविसाव्या दिवसाच्या सुमारास, तुमचं हृदय हलायला लागलंय. त्याला अजून धड कप्पेही नाहीत. हात म्हणजे दोन चपटे पंजे. मग बोटांच्या मधल्या जागेतल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटं सुटी होतात. जूनच्या पहिल्या पावसाआधी तुमच्या सगळ्या मुख्य अवयवांचा आरंभ झालाय, आणि तुम्ही अवघे तीन सेंटिमीटर आहात.

जुलै संपतो, ऑगस्ट येतो. धानाची रोवणी. आई घोटाभर चिखलात दिवसभर वाकून आहे, पदर कमरेला खोचलेला, एका हातात रोपांची जुडी. एका दुपारी ती मध्येच थांबते आणि ओला हात पोटावर ठेवते. आत काहीतरी फडफडलं. तुम्ही कित्येक आठवडे हातपाय हलवताय, पण तिच्यापर्यंत ते आज पोचलं.

संध्याकाळी जेवताना सासू तिच्या ताटात भात कमीच वाढते. ‘दोन घास कमी खा वं बाई. पोर मोठं झालं तर अडते.’

या वाक्याला अडाणीपणा म्हणायची घाई करू नका. अडलेल्या बाईला खाटेवर घालून नेताना वाटेतच गेलेली त्या म्हातारीने पाहिली असेल. रस्ता नाही, दवाखाना लांब. अशा ठिकाणी लहान बाळ म्हणजे सुटकेची आशा. पण त्याची किंमत तुम्ही मोजणार आहात. याच वर्षांत पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर बायांच्या ताटातलं अन्न आणि त्यांच्या बाळांची मापं टिपत होते. 1993 साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की पालेभाजी, फळं आणि दूध ज्यांच्या पोटात अधिक वेळा गेलं त्यांची बाळं अधिक भरली, आणि जिथं आईला कष्ट जास्त तिथं बाळ हलकं. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर आपली बाळं वजनाला आणि स्नायूंना कमी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. पुढे चाळिशीतल्या मधुमेहाचा एक धागा या रोवणीच्या दिवसांपर्यंत मागे जातो.

सप्टेंबर, पोळा. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, वेशीजवळ डफ. तुमच्या आतल्या कानातली शंखाकृती नळी आता कामाला लागली आहे. दसऱ्यापर्यंत मोठ्या आवाजाला तुम्ही दचकायला लागाल. आतून ऐकायला येतं ते असं: आईच्या रक्ताची लय, आतड्यांची गुरगुर आणि या सगळ्यावरून तिचा आवाज. तो तिच्या हाडामांसातून थेट येतो. त्यातली तीक्ष्ण व्यंजनं वाटेत विरतात. उरतात ते चढउतार, थांबे, हेल. शब्द नाहीत, पण बोलण्याची चाल सगळी आहे. तुम्ही दिवसरात्र तीच ऐकताय. तिने शेजारणीशी केलेल्या गप्पा, कोंबड्यांना दिलेल्या हाका, सगळं.

हे पुढे कळणार कसं? 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी जेमतेम काही दिवसांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आपली लय बदलली आणि आईचा आवाज मागून घेतला. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की फ्रेंच आयांच्या नवजात बाळांच्या रडण्याचा सूर चढत जातो आणि जर्मन बाळांचा उतरत येतो. बाळ रडतंदेखील आईच्या बोलण्याच्या हेलात. मातीचा गोळा म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, ते तीन महिने कान देऊन आलेलं असतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आईच्या चटणीतला लसूण तुमच्या गर्भजलात उतरतो. ते तुम्ही गिळता, लघवीवाटे पुन्हा त्यातच सोडता. पापण्या उघडता, मिटता. नोव्हेंबरात धानकापणी. तुमच्या गुळगुळीत मेंदूवर वळ्या पडू लागल्या आहेत, आणि जन्मानंतर लागणारं लोह याच महिन्यांत तुम्ही आईच्या रक्तातून साठवून घेताय. तिच्याच अंगात ते कमी आहे. डिसेंबरमध्ये फुप्फुसांना आतून लेप बसतो. हवेच्या पिशव्या श्वास सोडल्यावर एकमेकींना चिकटू नयेत म्हणून.

जानेवारी 1997. थंडीची रात्र, घरात कंदील. या भागात शंभरातल्या पंच्याण्णव आया घरीच बाळंत होतात. सुईण आहे, आणि बोलावणं गेल्याबरोबर आलेली आरोग्यदूत आहे. गावातलीच बाई, तुमच्या आईला लहानपणापासून ओळखणारी.

तुम्ही बाहेर येता. सदतीस अंशांतून एकदम गार हवेत, अंग ओलं. पहिला श्वास घेता आणि फुप्फुसांतलं पाणी हटून तिथं हवा शिरते, रक्ताचा लोंढा तिकडे वळतो, हृदयाच्या दोन कप्प्यांमधली झडप मिटते. काही मिनिटांत रक्ताचा सगळा मार्ग बदलतो. दहातल्या एका बाळाला या वळणावर मदत लागते. ती कशी करायची हे आरोग्यदूताला शिकवलेलं आहे, पण तुम्ही रडलात.

रीत अशी होती की वार पडेपर्यंत बाळ जमिनीवरच राहायचं. ती तुम्हाला लगेच उचलते, कोरडं करते, डोकं झाकते. मग झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्याला लावते आणि कंदील जवळ धरून आकडा वाचते. दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजन, आणि इथली शंभरातली बेचाळीस बाळं तशीच जन्मतात. पहिलं पिवळसर दूध पिळून टाकायला म्हातारी सरसावते. ‘माय, तेच पाजायचं जी,’ आरोग्यदूत म्हणते आणि तुम्हाला छातीशी लावते. गालाला स्तन लागताच तुम्ही तोंड वळवता. हे कुणी शिकवलेलं नाही. वीस-तीस सेंटिमीटरवरचं तेवढं तुम्हाला स्पष्ट दिसतं, पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. आवाज ओळखीचा, चेहरा नवा. आजपासून दोन्ही एकत्र.

सहावा दिवस. तुम्ही चोखायचं थांबता. रडणं क्षीण, हातपाय लुळे, पोट हाताला गार. मोठ्या माणसाचा जंतुसंसर्ग तापाने ओरडून सांगतो. तुमचा असा गप्प राहून येतो, आणि दुसऱ्या दिवशी घर रिकामं करून जातो. आरोग्यदूताला या खुणा पाठ आहेत. ती घरच्यांना समजावते, त्यांची संमती घेते, आणि चिमटीएवढ्या मांडीत जेंटामायसिनची सुई देते. सोबत तोंडाने औषध. रोज सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ओढून दूध पिता. आई रडते आणि पाजत राहते.

पुढचं भराभर घडतं. बारशाला आत्या कानाशी येऊन नाव सांगते. दीड महिन्यात तुम्ही माणसाकडे बघून हसता. तीन-चार महिन्यांत मान धरता, मग पालथं पडता. बसता, रांगता. डोक्याकडून पायांकडे अशी ही हुकमत उतरत जाते, कारण मेंदूकडून निघणाऱ्या तंतूंवर स्निग्ध वेष्टण त्याच क्रमाने चढत जातं.

सहाव्या महिन्यावर मात्र थांबा. या वयात जगातली कुठलीही भाषा तुमची होऊ शकते. 1984 साली व्हँकुव्हरमध्ये जॅनेट वर्कर यांनी दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त आणि ट मधला फरक पकडतात. त्यांच्या आईबापांना तो ऐकूच येत नाही. आणि वर्षाची होता होता तीच बाळं तो हरवून बसतात, कारण तो कुणी त्यांच्या कानावर घातला नाही. तुमच्या घरी दिवसभर दोन्ही आवाज कानावर पडतात, म्हणून तुमच्यापाशी ते राहिले. माणसं बोलतात तेवढंच बाळाच्या मेंदूत टिकतं. वेगळी खेळणी लागत नाहीत. आजी पदराआड तोंड लपवते आणि ‘भो’ करते. पाचव्या महिन्यात पदराआड गेलेली आजी तुमच्या लेखी नाहीशीच होते. नवव्या महिन्यात तुम्ही स्वतः पदर ओढता. न दिसणारी वस्तूही असते, हे तुम्हाला कळलं. मग बोट दाखवायला लागता. कावळा बघता, मग आईकडे बघता, तिनेही बघितलं की नाही याची खात्री करता. पहिला शब्द अजून दूर आहे, पण बोलणं इथंच सुरू झालं.

जानेवारी 1999. तुम्ही दोन वर्षांचे, अंगणात कोंबड्यांमागे धावताय. मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तीन चतुर्थांशापर्यंत भरलाय. यातलं तुम्हाला पुढे काही आठवणार नाही. आठवणी धरून ठेवणारा मेंदूचा भाग अजून पुरता तयार नाही. रोवणी, कंदील, सुई, सगळं जाईल. ज्यांनी तुम्हाला उचललं त्यांची ओळख तेवढी अंगात राहील.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या 39 गावांचा निष्कर्ष छापून आला. प्रयोगाआधी तिथं हजारी 62 बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. 1997-98 मध्ये तो आकडा 25 च्या आसपास आला. 2011 पासून हीच पद्धत देशभरच्या ‘आशा’ स्वयंसेविकांच्या कामाचा भाग आहे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. तुमच्या घरी बाळ आलं असेल आणि आशाताई दारात उभी असेल, तर ‘बाळ झोपलंय, नंतर या’ म्हणू नका. तिला आत घ्या, हात धुवायला पाणी द्या आणि बाळाचं वजन करू द्या.