माशांचे पंचांग

इंग्लंडातील सफोक परगण्यात वॅटिसफील्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. अठराव्या शतकात तेथे थॉमस हार्मर नावाचे धर्मोपदेशक राहत असत. बायबलातील दुर्बोध स्थळांचा अर्थ पौर्वात्य देशांच्या प्रवासवर्णनांवरून लावण्याचा त्यांचा व्यासंग होता आणि त्यांचा लौकिकही त्या ग्रंथामुळेच झाला. परंतु याच गृहस्थांनी इ. स. १७६७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याचा विषय होता माशांच्या पोटातील अंडी! त्यांची रीत अगदी सरळ होती. मादीच्या पोटातील गाभोळी काढावी, ती तोलावी, तिचा एक लहानसा तुकडा निराळा तोलून त्यातील अंडी एकेक करून मोजावीत, आणि मग त्रैराशिक मांडावे. या रीतीने कॉड माशाच्या एका मादीच्या पोटी ३६,८६,७६० अंडी भरली. बांगड्याच्या कुळातील विलायती माशाच्या पोटी ५,४६,६८१, तर हेरिंगच्या पोटी अवघी ३६,९६०. त्यांच्या आधी सूक्ष्मदर्शकाचे आद्य उपासक लेव्हेनहुक यांनी एका कॉडच्या पोटी ९३,८४,००० अंड्यांचा हिशेब केलाच होता. पण हार्मर यांनी निरनिराळ्या जातींचे आकडे एकाच मापाने घेऊन शेजारी शेजारी मांडले, म्हणून माशांच्या बहुप्रसवतेचा खरा इतिहास त्यांच्यापासून सुरू होतो असे आम्हांस वाटते.

आकडे मिळाले, परंतु इतकी अंडी कशासाठी आणि ती कोणत्या वेळी, हे प्रश्न आणखी शंभर वर्षे जवळजवळ अस्पर्शच राहिले. त्यांचा उलगडा प्रथम उत्तरेकडे झाला, आणि तोही पोटाच्या चिंतेतून.

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत ६८ अंशांच्या आसपास लोफोटेन ही बेटे आहेत. तेथे डिसेंबरात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही आणि उन्हाळ्यात कित्येक दिवस तो मावळत नाही. या बेटांपाशी दरवर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बारेंट्स समुद्रातील कॉड अंडी घालण्यासाठी दाटीने येतात. त्यांना धरून उघड्या वाऱ्यावर वाळवावयाचे आणि दक्षिणेच्या देशांस विकावयाचे, यावर तेथील वस्ती शेकडो वर्षे जगली. मात्र एखाद्या वर्षी मासा अमाप येई आणि एखाद्या वर्षी होड्या रित्या परतत. कारण कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा सरकारने इ. स. १८६४ मध्ये गेओर्ग ओस्सियन सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञास तेथे धाडले. कॉडची अंडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ तरंगत असतात असे त्यांस आढळले. ती समुद्रतळाशी पडून राहतात अशी आजवरची समजूत होती. मादी ज्यांना जन्म देते ती लक्षावधी अंडी मग कोणाच्याच राखणीत नसतात. वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ती जातात.

पुढचे पाऊल योहान यॉर्ट यांनी इ. स. १९१४ मध्ये टाकले. माशांच्या खवल्यांवरील वलये मोजून वय ठरविण्याची युक्ती तोवर साधली होती. तिच्या आधारे त्यांनी दाखविले की नॉर्वेच्या हेरिंगच्या जाळ्यांत वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकाच सालची पिढी सापडत होती, ती म्हणजे १९०४ सालची. अंडी दरवर्षीच उदंड पडतात. परंतु अंड्यातील बलक संपून पिलाने पहिला घास स्वतः मिळवावयाचा, त्या घडीस पाण्यात सूक्ष्म अन्न असेल तरच पिढी टिकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बाकीच्या पिढ्या समुद्राने गिळल्याप्रमाणे नाहीशा होतात.

येथे अक्षांशाचा संबंध येतो. उत्तरेच्या समुद्रात हिवाळ्याच्या वादळांनी तळचे पोषक क्षार वर येतात, पण प्रकाश नसल्यामुळे त्यांचा कोणास उपयोग होत नाही. वसंतात सूर्य वर येऊ लागला की सूक्ष्म वनस्पतींचा एकदम बहर येतो, त्यावर जगणारे सूक्ष्म कवचधारी जीव वाढतात, आणि काही आठवड्यांतच हा सोहळा ओसरतो. सुगी इतकी आखूड असेल तर पेरणीही घटका साधूनच करावी लागणार. डेव्हिड कुशिंग यांनी इ. स. १९६९ मध्ये जुन्या नोंदी एकत्र करून दाखविले की हेरिंग, कॉड, प्लेस यांसारख्या उत्तरेकडील माशांच्या प्रजननाची ऐन वेळ वर्षानुवर्षे सरासरीपासून साधारण आठवडाभरच इकडेतिकडे ढळते. आमच्या पुरोहितांनी मुहूर्ताचा इतका काटेकोरपणा राखला तर यजमान धन्य होतील! बहर मात्र हवामानाप्रमाणे मागेपुढे होतो. दोन्ही जुळले तर पिढी भरघोस. चुकले तर वर्ष वाया.

हाच विचार त्याआधी एका भारतीयाने निराळ्या वाटेने मांडला होता, याचा उल्लेख आमच्याकडे क्वचितच होतो. सय्यद झहूर कासिम हे अलाहाबादचे. वेल्समधील बँगोर येथे संशोधन करीत असता त्यांनी किनाऱ्यावरील खडकांत राहणाऱ्या दोन लहान माशांचा अभ्यास केला. त्यांतील शॅनी हा दक्षिणेकडच्या उबदार पाण्याचा रहिवासी. तो वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालतो. बटरफिश हा उत्तरेचा. तो ऐन हिवाळ्यात. एकाच खडकाखाली राहूनही दोघे आपापल्या मूळ देशाचे पंचांग पाळतात! इ. स. १९५६ च्या निबंधात कासिम यांनी हा भेद जातीच्या भौगोलिक मुळाशी आणि पिलांच्या अन्नाशी जोडला. हेच कासिम पुढे दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे त्यांनी नेतृत्व केले. मोहिमेमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले; माशांवरचे त्यांचे कार्य ग्रंथालयांतच राहिले.

वेळेचा प्रश्न असा सुटत आला. संख्येचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शॅड नावाचा मासा आहे, आपल्या पाल्याचा, म्हणजे बंगाल्यांच्या इलिशाचा, भाऊबंदच. समुद्रात वाढून तो अंडी घालण्यास नद्यांत चढतो. फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीपासून कॅनडापर्यंत जवळजवळ सतरा अंशांच्या पट्ट्यात त्याचा संचार आहे. पाणी पुरेसे उबदार झाले की तो नदीत शिरतो. ती ऊब फ्लॉरिडात हिवाळ्यातच मिळते, तर कॅनडात मे-जून उजाडावा लागतो. लेगेट व कार्स्कॅडन यांनी इ. स. १९७८ मध्ये या किनाऱ्यावरील नद्यांतील माद्यांची तुलना केली. दक्षिणेकडील मादीच्या पोटी तीन-चार लक्ष अंडी असतात, आणि ती घालून झाल्यावर ती मरते. उत्तरेकडे न्यू ब्रन्सविक प्रांतातील मादी सव्वा लक्षाच्या आसपास अंडी घालते, पण समुद्रात परतते आणि पुढल्या वर्षी पुन्हा येते. दक्षिणेच्या नद्यांचे पाणी भरवशाचे, म्हणून तेथे सारे भांडवल एकाच व्यापारात घालणे परवडते. उत्तरेकडे एखादा वसंत थंड गेला तर सारीच पिले जातात, म्हणून तेथे थोडे थोडे करून अनेक वर्षांत वाटणे शहाणपणाचे. या दोघा संशोधकांचे हे स्पष्टीकरण आम्हांस पटते.

परंतु यावरून ‘उत्तरेस अंडी कमी, दक्षिणेस अधिक’ असे सूत्र बांधू नये. फ्लेमिंग व ग्रॉस यांनी इ. स. १९९० मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील कोहो सामन माशात नेमके उलटे दाखविले: जसजसे उत्तरेस जावे तसतशी अंड्यांची संख्या वाढते आणि प्रत्येक अंडे लहान होते. अक्षांश ही स्वतः काही करणारी शक्ती नव्हे. प्रकाश, ऊब आणि अन्न यांचे तेथील वेळापत्रक काय आहे, एवढेच ती रेषा सांगते.

आता आपल्या समुद्राकडे वळू. गोवा १५ अंशांच्या आसपास आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचे अंतर. थंडीने पाणी गोठत नाही, सूर्य कधी रजा घेत नाही. म्हणून आपल्या बहुतेक माशांचा विणीचा हंगाम लांबलचक असतो, आणि एकच मादी त्यात अनेक वेळा अंडी घालते. हार्मर यांचा तराजू येथे अपुरा पडतो तो याचमुळे. एका दिवशी पोटात दिसणारी गाभोळी हा साऱ्या हंगामाचा नव्हे, एका हप्त्याचा हिशेब असतो.

तथापि आमच्याकडे ऋतूच नाही असे म्हणणारा परदेशी विद्वान कोकणात आषाढात आलेला नसावा. आमची ऋतुघटिका सूर्याऐवजी पावसाच्या हाती आहे. मृगाचे पहिले पाणी ओहोळांतून वाहू लागले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध शेतांपर्यंत चढतात, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. रोहू, कटला, मृगळ यांना तर पुराचे पाणी लागल्यावाचून वीणच येत नसे. तळ्यात ते वाढत, पण अंडी घालीत नसत. हीरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील आंगुल येथे पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविली, तेव्हा पुराची ही अट प्रथमच सुटली. बडोद्याकडील आमच्या वाचकांस भरूचजवळ नर्मदेत पावसाळ्यात चढणारा पाला परिचित असेल. नदीवर धरणे झाल्यानंतर गोडे पाणी घटले आणि ही मासेमारीही फार खालावली. तेथे वेळ चुकली ती माशाची नव्हे, पाण्याची.

समुद्रातही तेच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे मलबार किनाऱ्यालगत तळचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते आणि सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो. तारली, म्हणजे आमचे पेडवे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच बहराच्या अंगाने अंडी घालतात. जेम्स हॉर्नेल यांनी नायडू यांच्यासह इ. स. १९२४ मध्ये या माशाच्या जीवनक्रमावर जो निबंध लिहिला तो आजही आधारभूत आहे. तारली अल्पायुषी, दोन-अडीच वर्षांची. कॉडसारखी ती दहा-पंधरा वसंत वाट पाहू शकत नाही. दोन पावसाळे बिघडले की पिढीच संपते. केरळात इ. स. २०१२ मध्ये जवळजवळ चार लक्ष टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही मिळाली नाही. तापलेले पाणी, कमजोर बहर आणि लहान पिलांची मासेमारी अशी त्याची कारणे सांगितली जातात. ज्या घरात रोजचे जेवण पेडव्यांवर चालते त्या घरास या आकड्यांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वी आपल्याकडे होड्या नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून लोटीत. त्यामागे खवळलेल्या दर्याचे भय होते, माशांच्या विणीचा हिशेब होता असे आम्ही म्हणणार नाही. पण परिणाम तोच होई. ती पौर्णिमा ऑगस्टात, आणि अधिक मास आला तर ऑगस्टच्या अगदी अखेरीसही पडते. इ. स. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावरील सागरी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. तारल्यांची वीण सप्टेंबरपर्यंत चालते. यंत्रहोडीवाल्याच्या कर्जाचे हप्ते मात्र ऑगस्टपर्यंत थांबत नाहीत, आणि दोन महिन्यांची बंदी त्यास आधीच जड जाते. हे दोन्ही हिशेब एकाच वेळी खरे आहेत. म्हापसा, मडगाव वा मालवणच्या बाजारात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येणारी टोपली पाहावी. कित्येक माशांच्या पोटी अजून गाभोळी असते आणि गिऱ्हाईक तीच आवडीने निवडून घेते.