कंपनीतला पाव

शेंद्र्यात पोराची चौकशी केली की एकच उत्तर मिळते, ‘कंपनीत आहे.’ कुठल्या कंपनीत, हा पुढचा प्रश्न. परवा जालना रोडवरच्या टपरीवर शिफ्ट सुटण्याच्या वेळी उभा होतो. एकाच्या हातात वडापाव, दुसऱ्याने डबा उघडून ज्वारीच्या भाकरीची चौघडी उलगडलेली, वर मिरचीचा ठेचा. दोघांनी न बोलता अर्धे अर्धे वाटून घेतले. ही खरी ‘कंपनी’, आणि हे मी व्युत्पत्तीच्या आधारे म्हणतो आहे. लॅटिन ‘कुम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे पाव. एका पावात जेवणारे ते कंपनी. स्पॅनिशमध्ये सोबत्याला ‘कोंपान्येरो’ म्हणतात आणि पावाला ‘पान’, त्यामुळे तिथे हा सांधा अजून उघडा दिसतो. आपल्याकडे शब्द इंग्रजांमार्फत आला, त्यातला पाव कुणाला दिसलाच नाही.

याच ‘पानिस’चे पोर्तुगीज रूप ‘पांव’. 1510 मध्ये गोवा पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर कधीतरी ते आपल्या किनाऱ्यावर रुळले असावे. वाटेत अनुनासिक गळले आणि ‘पाव’ उरला. पोर्तुगिजांऐवजी स्पॅनिश आले असते तर विड्याचे पान, जेवणाचे पान आणि खायचा पान असा तिहेरी घोळ झाला असता. अर्थात घोळ टळला असे नाही. पावशेरातला ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासून, म्हणजे चौथा हिस्सा. त्याचा या पावाशी काडीचा संबंध नाही. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही कथाही लहानपणी ऐकलेली. ती पाव न खाणाऱ्यांनी रचली असावी.

पोर्तुगीज भाषेला दोन स्वरांमधला ‘न’ गिळायची खोड आहे. स्पॅनिश ‘पानादेरो’, म्हणजे पाववाला, तिच्याकडे ‘पादेइरो’ होतो आणि गोव्यात सायकलवरून येणारा ‘पदेर’. ‘पानिस’च्या मुळाशी ‘पोसणे’ असा अर्थ दिसतो. तसे असेल तर संस्कृत ‘पा’ धातू, म्हणजे ‘पालक’ आणि ‘गोपा’तला ‘पा’, याचा तो दूरचा भाऊ.

स्पॅनिश शेतकरी उभ्या पिकालाही ‘पान’ म्हणत, आणि धान्याच्या जमिनीला ‘पान’ देणारी जमीन. आपण भाकरीला पोटापाण्याचा अर्थ दिला, पण उभ्या ज्वारीला भाकर म्हणायची घाई केली नाही. मला आपला सावधपणा आवडतो.

शेंद्र्याहून शहरात गेलात की नान-कलिया मिळते. तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्कराबरोबर ती आली असे सांगतात. फारसी ‘नान’चे बलुची भावंड ‘नगन’ आहे, आणि जाणकार दोघांनाही जुन्या ‘नग्न’ शब्दाकडे नेतात, तोच आपला नग्न. भांड्यात न झाकता, उघड्यावर भाजलेली ती नान असावी. ‘कलिया’ अरबी, भाजण्या-तळण्याच्या धातूपासून. त्याच धातूपासून जाळलेल्या वनस्पतींच्या राखेला ‘अल्-कली’ नाव पडले, ते पुढे रसायनशास्त्रात ‘अल्कली’ झाले. फारसीचा विषय निघालाच आहे तर गावाचेच पाहा. ‘शेंद्रा कमंगर’ यातला कमंगर म्हणजे ‘कमानगर’, धनुष्ये करणारा, असे दिसते.

पण माझा खरा जीव अडकला आहे तो जोंधळ्यात. स्पॅनिश ‘ग्रानो’, लॅटिन ‘ग्रानुम’, म्हणजे दाणा. याचे मूळ ‘पिकून जुने होणे’ या अर्थाच्या धातूत सांगतात, आणि त्या धातूचे संस्कृत रूप आपल्या ‘जीर्ण’मध्ये आहे. त्याचाच जोडीदार ‘जूर्ण’, प्राकृतात ‘जुण्ण’, मराठीत ‘जुना’. म्हणजे स्पेनचा दाणा आणि आपला जुना चुलतभाऊ. आता मजा पाहा. संस्कृत कोशांत ज्वारीला एक नाव आहे ‘जूर्णाह्व’, म्हणजे जूर्ण नावाचे. वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठलो. ग्रानो आणि जोंधळा एकाच घरचे!

खुर्चीत परत बसलो तेव्हा तेलुगू ‘जोन्न’ आठवला. कन्नड ‘जोळ’, तमिळ ‘चोळम’. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशी शब्दांच्या कोशात ‘जोण्णलिआ’ नोंदवला आहे, आणि संस्कृतात ज्याचे मूळ सापडत नाही तेच शब्द तो त्या कोशात घालत असे. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. वेदांना यव, म्हणजे जव, ठाऊक, जोंधळा नाही. तेव्हा दख्खनातल्या कुणा शेतकऱ्याचा ‘जोन्न’ पुढे पंडितांच्या हाती पडला असावा. एकाने त्याला ‘जूर्ण’चा शेला पांघरला, दुसऱ्याने ‘यवनाल’ म्हणत यवाच्या कुळात बसवले. ‘ज्वारी’ मात्र यवाच्या बाजूने, ‘यवाकार’ अशा एखाद्या रूपातून आलेली दिसते. ‘जोंधळ्या’तला ‘ध’ न आणि ळ यांच्यामध्ये घुसला असावा, जसा ‘वानर’चा ‘वांदर’ होताना ‘द’ घुसला. तर माझा चुलतभाऊ बनावट निघाला. वाईट वाटले, पण बनावट कागदही किती सुबक!

मक्याला असेच कुणीतरी दुसरेच गाव चिकटवले. स्पॅनिशांनी कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांकडून ‘माईस’ उचलला. आपल्याकडे तेच धान्य कन्नडमध्ये ‘मेक्के जोळ’, तेलुगूत ‘मोक्कजोन्न’, तमिळमध्ये ‘मक्काच्चोळम’. म्हणजे बहुधा मक्केचा जोंधळा. इटालियनांनी त्याला तुर्की दाणा म्हटले. अमेरिकेचे नाव कुणीच घेतले नाही.

टपरीवरच्या भाकरीवाल्याला विचारले, ‘तुमच्याकडं काय म्हणतात, जोंधळा का ज्वारी?’

‘पेरताना जोंधळा, इकताना ज्वारी,’ तो म्हणाला. ‘पण ही शाळूची हाय.’

शाळू! संस्कृत ‘शालि’? पण तो तर तांदूळ.