टीव्ही शिकायचा तर कुठे?

टीव्हीचे कार्यक्रम तयार करायला शिकायचे, तर कुठल्या विद्यापीठात जावे, हा प्रश्न हल्ली घरोघर ऐकू येतो. पन्नास वर्षांपूर्वी तो विचारायची सोयच नव्हती. आपल्याकडे टीव्ही आधी आला, विद्यापीठे मागाहून जागी झाली.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते आकाशवाणीच्या पदराखाली. मुंबई केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ ला. कार्यक्रम करणारी माणसे खात्याला स्वतःच घडवावी लागली. दिल्लीत चाललेले हे प्रशिक्षण १९७४ साली पुण्यात आणले गेले, कारण प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट होती. तिच्या नावात आता टेलिव्हिजनही आले.

पण सिनेमा आणि टीव्ही सख्खे भाऊ नव्हेत, चुलत म्हणा. सिनेमात एकेक दृश्य टिपायचे आणि जोडणी सावकाश करायची. टीव्हीच्या स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात आणि आतल्या नियंत्रण कक्षात बसलेला माणूस कुठले चित्र बाहेर जावे हे त्याच क्षणी ठरवतो. थेट प्रक्षेपण असेल तर त्याची चूकही घरोघर पोचते. ही विद्या त्या खुर्चीत बसूनच येते, वहीत उतरवून नाही. पुण्यातली ती खुर्ची बरीच वर्षे मुख्यतः दूरदर्शनच्या नोकरदारांसाठी होती. बाहेरच्या मुलांसाठी टीव्हीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम नव्या शतकात आले.

माझ्या पुतणीने हे ऐकून विचारले, "चाचा, पण पदवी मिळते का?" प्रश्न रास्त होता. पुढे कॉलेजात शिकवायचे किंवा परदेशी जायचे तर कागद लागतोच. पुण्याची संस्था नावाजलेली खरी, पण ती विद्यापीठ नव्हती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला २०२५ मध्ये मिळाला.

विद्यापीठाच्या आत हे शिक्षण रुजवण्याचा मोठा प्रयत्न दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात झाला. जामियाचे नाव काढले की लोकांना उर्दू आठवते, कॅमेरा आठवत नाही. असहकाराच्या दिवसांत, १९२० साली अलीगढला जन्मलेली ही संस्था. तिचे कुलगुरू अन्वर जमाल किदवई यांनी १९८२ मध्ये कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या साहाय्याने जनसंज्ञापनाचे केंद्र उभारले. पदव्युत्तर पदवी घेता घेता मुले तिथे यंत्रे हाताळू लागली. मला यात खरे धाडस दिसते. व्याख्यानावर चालणाऱ्या विद्यापीठाने महागडी यंत्रे शिकाऊ पोरांच्या हाती द्यायची!

मग १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. ते बनवण्यासाठी काही विद्यापीठांत माध्यम केंद्रे निघाली, त्यात पुणे विद्यापीठही होते. दुपारी शाळेतून आल्यावर मी ते पाहत असे. अर्धे कळत नसे, तरी हलत नसे.

आज खासगी विद्यापीठांची माहितीपत्रके गुळगुळीत असतात आणि शुल्क अनेकदा बापाच्या वर्षाच्या कमाईला भिडते. पुतणीने एका ठिकाणी जाऊन विचारले, नियंत्रण कक्षात विद्यार्थ्याला आठवड्याला किती तास बसू देता? तिला स्टुडिओ काचेतून दाखवण्यात आला. तिने दुसऱ्या विद्यापीठाचा अर्ज आणलाय.