सुट्या पैशांचा दुष्काळ

दोन रुपये सुटे नसले की दुकानदार हातावर गोळी ठेवतो. तीच गोळी उद्या त्याला दोन रुपये म्हणून देऊन बघा. घेईल का? याच प्रश्नाची एक जुनी, खरी गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं. लोकांनी धास्तीनं सोनं-चांदी दडवली. १८६२ मध्ये एक सेंटचं नाणंसुद्धा मिळेनासं झालं. पाव, दूध घ्यायचं कसं? लोक टपालाची तिकिटं पैसे म्हणून चालवू लागले, पण ती हाताला चिकटायची, फाटायची. मग दुकानदारांनीच सेंटएवढे तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. त्यांवर दुकानाचं नाव, गाव आणि धंदा असायचा. काहींवर ‘एक सेंट’ मोठ्या अक्षरांत, तर त्यावर बारीक अक्षरांत ‘नाही’! कायद्याच्या कचाट्यातून सुटायची ती युक्ती.

न्यूयॉर्कमधल्या लिंडेनम्युलर नावाच्या बिअरविक्रेत्यानं दहा लाखांहून जास्त बिल्ले काढले, असं सांगतात. तिथल्या एका घोडा-ट्राम कंपनीनं ते भाड्यापोटी घेतले. ढीग साठल्यावर पैसे मागितले, तर त्यानं साफ नकार दिला. कंपनीला काहीच करता आलं नाही. शेवटी १८६४ मध्ये सरकारनं खासगी नाणी पाडायला बंदी घातली.

आज हौशी लोक हे बिल्ले जमवतात. त्यांचे दहा हजारांहून जास्त प्रकार आहेत. कोणत्या गावात कोण किराणा विकत होता, कोण न्हावी होता, हे त्यांवरून कळतं.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही सुट्यांची चणचण होती. धातू वाचवायला १९४३ पासून सरकारनं मधे भोक असलेला पैसा काढला. आजीच्या डब्यात तो सापडला, तर मोडीत घालू नका आणि चिंचेनं घासूही नका. घासलं की जुन्या नाण्याची किंमत उतरते. तो घरात कसा आला, हे आजीला विचारून लिहून ठेवा.

आणि कुणी पैशाऐवजी कूपन किंवा चिठ्ठी दिली, तर गटाच्या बैठकीत आम्ही सांगतो तेच विचारा: हे परत कोण घेणार, कधी घेणार, आणि तसं लिहून सही कोण देणार? उत्तर मिळालं नाही, तर रोख मागा.